पेट्रोलमध्ये तेल ओतावे काय?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचा एक सुंदर तलाव आहे. भोवती जंगलाच्या टेकड्या, मोहाची आणि तेंदूची झाडे, आणि हिवाळा लागला की दूरदेशीचे पाहुणे पक्षी. नागझिऱ्याचे अभयारण्यही येथून फार लांब नाही. आमच्या महाविद्यालयातली काही मुले दरवर्षी थंडीत तेथे पक्षी पाहायला जातात आणि मलाही बरोबर ओढतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो. पक्ष्यांतले मला फारसे कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या खेपेस आम्ही तिरोड्याहून सात-आठ मोटारसायकलींवर निघालो. गाव मागे पडले, जंगल सुरू झाले, आणि सर्वांत पुढे धावणाऱ्या गाडीच्या मागून निळसर पांढरा धूर येऊ लागला. गाडी जेमतेम दोन वर्षांची होती. थोडा चढ लागताच ती आचके देऊ लागली आणि मग रस्त्याच्या कडेला थांबलीच. मुलाने किक मारून पाहिली, बटण दाबून पाहिले. एंजिन फुरफुरे, पण सुरू होईना.

"काय रे, काय केलेस गाडीला?" मी विचारले.

"काही नाही सर. काल टाकीत थोडंसं ऑइल टाकलं. आमचे काका म्हणाले, पेट्रोलमध्ये ऑइल टाकलं तं गाडी हलकी चालते. ते त्यांच्या स्कूटरमध्ये नेहमी टाकायचे."

थोडेसे म्हणजे किती, असे विचारल्यावर कळले की टाकीत तीन-चार लिटर पेट्रोल होते आणि त्यात पठ्ठ्याने पाव लिटर एंजिन ऑइल ओतले होते! थोड्याने गाडी हलकी चालते, तर जास्तीने उडेल, असा त्याचा हिशोब असावा.

प्लगपान्याने प्लग काढला. तो काजळीने आणि तेलाने काळाकुट्ट झाला होता. पॉलिश पेपरने घासून, पुसून तो पुन्हा बसवला आणि गाडी कशीबशी सुरू झाली. पण मुलाचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, कारण तो प्रश्न वेडगळ नव्हता. काकांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांच्या स्कूटरला पेट्रोलमध्ये तेल लागतच होते. मग पुतण्याच्या गाडीला तेच तेल विष का ठरावे?

काकांची स्कूटर

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी जुन्या बनावटीची स्कूटर फक्त चित्रात पाहिली असेल. १९७२ साली पुण्याच्या बजाज कंपनीने 'चेतक' बाजारात आणली. त्याच सुमारास पुण्याच्याच किनेटिक कंपनीची 'लूना' आली. पुढची कितीतरी वर्षे महाराष्ट्रातले मध्यमवर्गीय घर म्हणजे दारात एक स्कूटर, असे चित्र होते. माझ्या वडिलांकडेही होती. मी पुढच्या बाजूला, हँडल धरून उभा राहत असे. सकाळी स्कूटर सुरू होत नसली की वडील तिला एका कुशीवर आडवी कलती करत, पुन्हा उभी करत आणि मग किक मारत. डिकीत एक जादा प्लग कायम असे. पेट्रोल पंपावर गेलो की पेट्रोल भरून झाल्यावर तेथला माणूस एका छोट्या मापाने हिरवट किंवा तांबूस तेल टाकीत ओतत असे आणि वडील स्कूटर दोन्ही हातांनी गदागदा हलवत. तेल नीट मिसळावे म्हणून! मला तो खेळ फार आवडे. लिटरमागे २० मिलिलिटर, म्हणजे शेकडा दोन, असे ते प्रमाण होते. त्याहून जुन्या गाड्यांना आणखी जास्त लागे.

हे तेल का लागे? या स्कूटरचे एंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या दोन धावांत आपले सगळे काम उरकणारे होते. दट्ट्या वर जाताना त्याच्या डोक्यावरचा पेट्रोल-हवेचा वायू दाबला जातो आणि त्याच वेळी त्याच्या पायाखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, नवा वायू ओढला जातो. ठिणगी पडते, स्फोट होतो, दट्ट्या खाली येतो. खाली येता येता तो पायाखालचा नवा वायू बाजूच्या वाटेने वर ढकलतो आणि तो नवा वायू जळक्या धुराला बाहेर हाकलतो. झडपा नाहीत, फारसे सुटे भाग नाहीत. रचना इतकी साधी की गावचा मिस्त्रीही अर्ध्या तासात एंजिन उघडून मोकळा होई.

पण या साधेपणाची एक किंमत होती. ज्या पेटीत क्रँक फिरतो, त्याच पेटीतून पेट्रोल-हवेचा वायू ये-जा करतो. तेव्हा तेथे वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही. मग क्रँकला, बेअरिंगला आणि दट्ट्याला वंगण कोण देणार? उपाय असा, की वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचे. पेट्रोलची वाफ होते, तेलाचे बारीक थेंब मागे राहतात, धातूवर पातळ थर देतात आणि शेवटी स्वतःही जळून जातात. तेल घालायला विसरलात, तर दट्ट्या तापून सिलिंडरला चिकटून बसे. याला मिस्त्री लोक "एंजिन जाम झाले" म्हणत, आणि तो खर्च महिन्याच्या पगाराला भारी पडे.

म्हणजे स्कूटरमधले तेल हे पेट्रोलची ताकद वाढवण्यासाठी कधीच नव्हते. ते वंगण होते. पेट्रोलबरोबर ते नुसते प्रवास करीत होते.

आता पुतण्याची गाडी पाहा. ती फोर-स्ट्रोक, चार धावांची. हिच्यात वायू आत घेण्याची, दाबण्याची, जळण्याची आणि धूर बाहेर टाकण्याची धाव वेगळी. वायू झडपेतून सरळ दट्ट्याच्या डोक्यावर येतो. खालच्या पेटीशी त्याचा संबंध नाही. म्हणून त्या पेटीत सुमारे एक लिटर एंजिन ऑइल सुखाने राहते आणि लहानसा पंप ते सगळीकडे फिरवतो. हे तेल वर, ज्वलनाच्या जागी जाऊ नये म्हणून दट्ट्यावर मुद्दाम कड्या बसवलेल्या असतात. कारखान्यातल्या माणसांनी ज्या तेलाला बाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच तेल आपल्या मित्राने टाकीच्या वाटेने आत नेऊन सोडले!

तेथे ते नीट जळत नाही. प्लगवर आणि झडपांवर काजळी बसते. शिवाय एंजिन ऑइलमध्ये झिजेविरुद्ध घातलेली जस्ताची आणि फॉस्फरसची संयुगे असतात. जळाल्यावर त्यांची राख उरते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत-६ मानकाच्या गाड्यांच्या धुराड्यात विषारी वायूंचे निर्विष वायूंत रूपांतर करणारा उत्प्रेरक बसवलेला असतो. फॉस्फरसमुळे तो हळूहळू निकामी होतो. प्लग घासून साफ करता येतो. उत्प्रेरक घासता येत नाही.

टू-स्ट्रोक एंजिनांचे पुढे काय झाले तेही सांगतो. नवा वायू जळक्या वायूला ढकलत असताना त्यातला बराचसा भाग न जळताच धुराड्यातून निसटे. वर तेलाचा निळा धूर. पंपावर सुटे तेल अंदाजाने ओतले जाई, आणि जास्त घातले तर बरे, अशीच समजूत असे. दिल्लीची हवा इतकी बिघडली की सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये तेथे सुट्या तेलाची विक्री वर्षअखेर बंद करण्याचा आदेश दिला. प्रदूषणाची मानके कडक होत गेली, तशी टू-स्ट्रोक स्कूटर रस्त्यावरून गेली. आज हे एंजिन मुख्यतः फवारणीच्या पंपात, गवत कापण्याच्या यंत्रात आणि झाडे तोडण्याच्या करवतीत उरले आहे.

सायकलचा पंप आणि एंजिनाची खटखट

तलावाच्या बांधावर बसून आम्ही डबे सोडले. पक्षी समोर होते, पण गप्पा एंजिनाच्याच चालल्या होत्या. एकीने विचारले, "सर, मग पेट्रोलमध्ये काहीच मिसळत नाहीत का?" मिसळतात की! आणि त्यातल्या एका मिसळीने साऱ्या जगाला शंभर वर्षे भोगायला लावले. ती गोष्ट नीट समजण्यासाठी आधी थोडे पदार्थविज्ञान पाहू.

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा जोराने आत ढकला. पंप गरम होतो. हवा झटकन दाबली की तिचे तापमान वाढते. एंजिनातही असेच होते. समजा वायू मूळ आकारमानाच्या नवव्या हिश्शात दाबला. उष्णता बाहेर जायला वेळ मिळाला नाही, असे धरले तर केल्व्हिनमधले तापमान ९ च्या ०.४ व्या घाताने, म्हणजे सुमारे २.४ पटीने वाढते. लॉगॅरिथमच्या कोष्टकावरून ताडून पाहा. ३०० केल्व्हिनची हवा सुमारे ७२० केल्व्हिन, म्हणजे जवळजवळ ४५० अंश सेल्सिअस होते. ठिणगी पडण्यापूर्वीच!

वायू जितका जास्त दाबावा, तितके एंजिन कार्यक्षम. आदर्श गणिताप्रमाणे दाबण्याचे प्रमाण ५ असेल तर उष्णतेचे सुमारे ४७ टक्के काम होते, १० असेल तर ६० टक्के. प्रत्यक्षातले आकडे याच्या निम्म्याच्या आसपास येतात, पण दिशा हीच. तर मग खूप दाबावे! अडचण अशी, की फार दाबले तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातला वायू आपोआप भडकतो. दट्ट्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच एंजिनाची खटखट, म्हणजे 'नॉकिंग' म्हणतात. इंधन ही खटखट किती सहन करते त्याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण, हेप्टेनला शून्य. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा अंक ९१ धरला जातो. रॉकेलचा आणि वंगण तेलाचा फारच खालचा. म्हणून पेट्रोलमध्ये तेल ओतले की ऑक्टेन अंक वाढत नाही, उतरतो. काकांच्या समजुतीला हा आणखी एक धक्का.

लाल रंगाची चूक

आता ती गोष्ट. अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचे एक कल्पक एंजिनिअर होते. बटण दाबून मोटार सुरू करणारा विजेचा स्टार्टर त्यांचाच. १९१६ साली त्यांनी थॉमस मिजली या तरुण सहकाऱ्याला खटखटीच्या मागे लावले. रॉकेलवर चालणारे एंजिन पेट्रोलवरच्यापेक्षा जास्त खटखटते, हे ठाऊक होते. केटरिंगना एक लालसर पानांचे रानफूल आठवले. ते बर्फ वितळण्याआधीच फुलते. लाल रंग उष्णता जास्त शोषतो म्हणून असेल काय? मग रॉकेलला लाल रंग दिला, तर ते लवकर तापून त्याची नीट वाफ होईल आणि खटखट थांबेल! मिजली रंग आणायला भांडारात गेले. तेलात विरघळणारा लाल रंग तेथे नव्हता, म्हणून त्यांनी आयोडीन आणले. रॉकेल लाल झाले, आणि खरोखरच खटखट कमी झाली.

येथे दुसरा कोणी असता तर आनंदाने घरी गेला असता. मिजलींनी बाजारातून इतर लाल रंग आणून घालून पाहिले. खटखट जराही कमी झाली नाही. मग त्यांनी रंगहीन आयोडीन-संयुग घालून पाहिले. खटखट कमी झाली! म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता. गुण आयोडीनचा होता. तर्क साफ चुकीचा, निरीक्षण मात्र खरे, आणि पडताळणीमुळे खरे कारण हाती आले. प्रयोग कसा करावा, हे शिकवण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. पुढे याच हाताने काय घडले ते पाहिले की मन खट्टू होते.

आयोडीन महाग होते आणि एंजिन कुरतडत असे. मग एकामागून एक पदार्थ तपासत ९ डिसेंबर १९२१ रोजी ते टेट्राएथिल लेडपर्यंत, म्हणजे शिशाच्या एका सेंद्रिय संयुगापर्यंत पोचले. चिमूटभर घातले की खटखट गायब. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्येच त्याची विक्री सुरू झाली. व्यापारी नाव ठेवले 'एथिल'. नावातून शिसे गाळलेलेच होते! शिसे विषारी आहे हे रोमन काळापासून माणसाला कळत आले आहे. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांना चोळून दाखवले आणि त्याचा वासही घेतला. काही धोका नाही, हे पटवण्यासाठी! आदल्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले होते.

खटखट थांबवणारा दुसरा पदार्थ तेव्हाही माहीत होता. तो म्हणजे साधे अल्कोहोल. पण ते कोणीही गाळू शकतो. त्याच्यावर पेटंट घेता येत नाही.

पुढे पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे, असे शिशाच्या समस्थानिकांवरून ठरवणारे क्लेअर पॅटरसन यांना मोजमापात सतत एक अडचण येई. प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसेच शिसे. ते कोठून येते याचा शोध घेता घेता ते मोटारींच्या धुरापर्यंत पोचले आणि १९६५ पासून त्यांनी शिशाविरुद्ध जाहीरपणे लिहायला सुरुवात केली. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, बुद्धीची वाढ खुंटते, हे नंतर पक्के होत गेले.

भारतात १९९४ पूर्वीच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकत असे. समजा एक स्कूटर वर्षाला २०० लिटर पेट्रोल पिते. मग ११२ ग्रॅम शिसे झाले, आणि त्यातले बहुतेक धुराड्यातून रस्त्यावर. १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगात ते सर्वांत शेवटी अल्जीरियात बंद झाले, २०२१ च्या जुलैत. वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून, गर्दीच्या चौकात समोरच्या ट्रकांचा आणि मोटारींचा धूर मी मजेत हुंगत असे. पेट्रोलचा वास मला आवडे. त्या धुरात काय होते ते मला एम.एस्सी. झाल्यावर कळले.

मोहाचे झाड आणि करंजाचे बी

आम्ही बसलो होतो तेथून जवळच मोहाचे झाड होते. मोहाच्या फुलांतून काय काढतात हे पूर्व विदर्भातल्या मुलांना सांगावे लागत नाही. सगळी हसू लागली. पण तेच अल्कोहोल आता पेट्रोलमध्ये आहे, फक्त मुख्यतः उसाच्या मळीतून, रसातून आणि धान्यातून काढलेले. याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली देशात ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांतली दोन महाराष्ट्रात आहेत, मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये सरासरी दहा टक्के गाठले गेले आणि २०२५ मध्ये वीस.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर आहे, म्हणून २० टक्के मिश्रणाचा अंक ९५ च्या आसपास जातो. हा फायदा. पण एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. त्रैराशिक मांडा. मिश्रणाच्या लिटरमध्ये ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी कमी भरते. मायलेज प्रत्यक्षात किती घटते हे एंजिन कोणत्या इंधनासाठी बनवले आहे त्यावर ठरते. नेमक्या याच काळजीवर बोट ठेवून हल्ली दुकानांतून निरनिराळ्या औषधी बाटल्या विकल्या जातात.

तेलाने खरोखर फायदा होतो तो डिझेलमध्ये. डिझेल एंजिनात इंधन फवारणारा पंप डिझेलनेच वंगला जातो. पावसाच्या पाण्यातले आम्ल आणि धूर कमी व्हावा म्हणून डिझेलमधले गंधक काढून टाकत टाकत आता किलोमागे १० मिलिग्रॅमवर आणले आहे. ते काढताना डिझेलची नैसर्गिक ओशटपणाही गेला. म्हणून शुद्धीकरण कारखान्यातच त्यात तेलापासून बनवलेली स्निग्धाम्ले किंवा तत्सम पदार्थ अगदी अल्प प्रमाणात घालतात. करंजाच्या तेलाचे मिथेनॉलबरोबर रूपांतर करून बनवलेले जैवडिझेलही हे काम झकास करते. करंज आपल्याकडे ओढ्याकाठी कितीतरी आहेत. पण करंजाचे कच्चे तेल सरळ ओतू नका. ते डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते आणि फवाऱ्याची बारीक छिद्रे गुंतवून टाकते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल एंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते हे खरे. पण आजचे फवारे त्या काळाइतके सोशिक नाहीत.

आणि रॉकेल? ते मिसळणारा इंधन सुधारायला मिसळतच नाही. ते स्वस्त असे, म्हणून मिसळत. त्यात केवढा पैसा होता हे २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राला कळले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ उघडी पाडली, म्हणून त्यांना तेथेच जिवंत जाळण्यात आले.

बाटलीचा हिशोब

परत येताना तिरोड्यात एका मिस्त्रीकडे थांबलो. टाकी रिकामी करणे भाग होते. दुकानाच्या फळीवर एक चकचकीत बाटली होती. लिटरमागे पाच मिलिलिटर घाला, मायलेज पंचवीस टक्के वाढेल, असे तिच्यावर छापले होते. मुले माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, गणित करू.

लिटरमध्ये पाच मिलिलिटर म्हणजे अर्धा टक्का. बाटलीत उत्तमातले उत्तम इंधन असले, तरी ऊर्जा वाढेल अर्ध्या टक्क्याने. मग पंचवीस टक्के कोठून यायचे? विकणारा म्हणेल, पेट्रोल अधिक चांगले जळते. पण धडधाकट एंजिनात पेट्रोलचा ९७-९८ टक्के भाग आधीच जळतो. उरलेला सगळा जाळला, तरी फायदा दोन-तीन टक्क्यांचा. एंजिनातली उष्णता वाया जाते ती पेट्रोल न जळल्यामुळे नव्हे. बरीचशी धुराबरोबर जाते, बरीचशी सिलिंडरच्या पंख्यांवरून हवेत जाते. बाटलीतले औषध हे कसे थांबवणार? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभराहून अधिक साधने व औषधे तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारे त्यांना काही सापडले नाही.

सगळेच खोटे, असेही मात्र नाही. काही रसायने खरोखर साबणासारखे काम करतात. फवाऱ्यावर आणि झडपांवर बसलेला थर ती हळूहळू काढतात. कंपन्या पेट्रोलमध्ये ती दशलक्षात काहीशे भाग इतकी घालतातही. त्याने मळलेल्या एंजिनाचे हरवलेले बळ थोडेफार परत येईल. स्वच्छ एंजिनाला नवे बळ येणार नाही.

"पण सर, ते टाकल्यावर खरंच फरक पडतो म्हणतात," मिस्त्री म्हणाला. पडत असेल! ज्याने पैसे घालवले तो दोन दिवस जपून गाडी चालवतो, टायरची हवा पाहून घेतो, आणि मायलेज वाढते. म्हणून पडताळायचे असेल तर असे करावे. एकसारख्या दोन बाटल्या घ्याव्या. एकीत औषध, दुसरीत तितकेच साधे पेट्रोल. शिक्षकांनी त्यांवर 'अ' आणि 'ब' लिहावे आणि कोणती कशाची ते चालवणाऱ्याला सांगू नये. गाडी तीच, माणूस तोच, रस्ता तोच, टायरमधली हवा तितकीच. तिरोडा ते बोदलकसा जाऊन-येऊन, म्हणजे चढ-उतार आणि वारा यांची फिटंफाट होते. टाकी काठोकाठ भरून सुरुवात करावी आणि शेवटी पुन्हा तितकीच भरून किती लागले ते मोजावे. भरताना १०० मिलिलिटरची चूक सहज होते. पाच लिटर पेट्रोल संपवले असेल तर ती दोन टक्के, एकाच लिटरवर मोजले तर दहा टक्के! तेव्हा लांब अंतर धरावे आणि प्रत्येक बाटलीचा प्रयोग निदान पाच वेळा करावा. 'अ' चे पाच आकडे आपसांतच जेवढे मागेपुढे होतील, त्याहून 'अ' आणि 'ब' मधला फरक मोठा निघाला, तरच बोलावे.

पेट्रोल हाताळणे मुलांचे काम नव्हे. ते पंपावरच, मोठ्या माणसाने करावे.

मिस्त्रीने टाकीतले सगळे पेट्रोल एका डब्यात काढले. तेवढ्यात फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन एक शेतकरी आले. डबा पाहून म्हणाले, "गुरुजी, ऑइल मिसळलेलंच आहे न? माझा पंप तं यावरच चालते. मला द्या." विचार वाईट नव्हता. त्यांचे एंजिन टू-स्ट्रोकच होते. पण तेलाचे प्रमाण हवे त्याच्या तिपटीहून अधिक, आणि तेलही मोटारसायकलचे, राख ठेवणारे. त्यांचा प्लगही दुपारपर्यंत काळा झाला असता. त्यांना तसे सांगितले.

त्यातले अगदी थोडे मी एका घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत घेतले. आता अकरावीच्या वर्गात गाळणकागदाचे दोन तुकडे टेबलावर ठेवतो. एकावर पंपावरच्या पेट्रोलचा थेंब, दुसऱ्यावर या बाटलीतला. पहिला थेंब दोन-तीन मिनिटांत उडून जातो आणि कागद कोरा राहतो. दुसऱ्यावर तेलाचा वाटोळा डाग तसाच राहतो. पेट्रोल पंपावर ही परीक्षा मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे आणि त्यासाठी लागणारा गाळणकागद पंपवाल्याने द्यायचा असतो. काकांच्या त्या पुतण्याने मागच्या आठवड्यात गोंदियाला तो मागितला. मिळाला म्हणे.